गव्हाण फाट्यावरचा गुरुवार

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच महिने गेले. लोक अनुभव सांगतात तेव्हा शेवटी सगळं गोड झालेलं असतं, सांगणाऱ्याचा दोष कुठे नसतो आणि देव अगदी वेळेवर धावून येतो. माझ्या बाबतीत दोष माझाच आहे आणि तो कितीही घासला तरी निघत नाही. एक मुका जीव माझ्या चुकीमुळे तहानेने तळमळत गेला. तेव्हा हे वाचून कुणी माझ्या भक्तीचं कौतुक करू नये. जसं घडलं तसं सांगते, एवढंच.

मी जनावरांची डॉक्टर आहे. पनवेलमध्ये आमचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. ज्यांनी तो सुरू केला ते आमचे सर शस्त्रक्रिया बघतात, एक नवी डॉक्टर मुलगी लसी आणि जखमा बघते, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तपासणीच्या टेबलाशी उभी असते. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर पिल्लांचे लाड करतो. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं आणि त्या दिवसांत पिल्लांमध्ये पार्व्होची साथ होती. रक्ताचे जुलाब होऊन डोळ्यांदेखत पिल्लू गळून पडतं. खारघरच्या सोसायटीतल्या, रोडपालीच्या, कुठल्या कुठल्या घरातल्या पोरी पिल्लाला टॉवेलात गुंडाळून आणायच्या आणि रिकामा टॉवेल घेऊन जायच्या. त्यातच म्हाताऱ्या, कॅन्सर झालेल्या कुत्र्यांना शेवटचं इंजेक्शन द्यायचं कामही माझ्याकडेच. सर म्हणायचे, तुझा हात हलका आहे. हलका हात कसला, मी आतून दगड झाले होते.

आई दत्तभक्त, त्यामुळे नामस्मरण मला लहानपणापासूनचं. दवाखान्यात येणारा दर तिसरा माणूस हमखास म्हणायचा, "दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत डॉक्टर, तुमच्या हातून देवाचीच सेवा होतेय." पूर्वी ऐकून बरं वाटायचं. त्या दिवसांत डोक्यात तिडीक जायची. मनात म्हणायचे, त्याने त्याचे चार सांभाळले, उरलेले सगळे माझ्या टेबलावर पाठवले. घरात देवापुढे दिवा लावणं मी बंद केलं होतं. यजमानांनी एकदा विचारलं, मी म्हटलं वेळ होत नाही. खरं म्हणजे त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

अशा त्या सोमवारी, भर दुपारी, एक कोळीण रिक्षा करून कुत्रा घेऊन आली. तपकिरी रंगाचा गावठी कुत्रा, वजन सतरा किलो, डावा कान टोकाशी कापलेला, उजवा मागचा पाय जरा आखडता, पुढचे दात झिजलेले. जबडा खाली लोंबत होता आणि लाळ गळत होती. बाई म्हणाली, मासळीचा काटा अडकलाय घशात, कालपासून काही गिळत नाही. बाहेर अकरा जण बसलेले. खाडीकाठचा कुत्रा आला की काटा, गळ नाहीतर हाड, हे आमच्या हाताला इतकं सवयीचं झालेलं की डोकं पुढे जातच नाही. हातमोज्यांतून काटा बोटाला लागत नाही म्हणून मी ते काढून ठेवले आणि उघडा हात त्याच्या घशात घातला. बाईने दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरून ठेवला होता. काटा सापडला नाही. वाटलं, उतरला असेल, आत खरचटलं असेल. सुजेचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "त्याला पाणी तुमच्या हाताने द्या. गालाच्या कडेने बोट आत घालून थोडं थोडं सोडा." बाईने मान डोलावली आणि कुत्र्याला उचलून घेऊन गेली. टेबलावर कुत्रा सगळा वेळ शांत होता, माझ्याकडे बघत होता.

मंगळवारी दुपारी डबा खाताना मी सरांना सहज सांगितलं, काल एक काट्याची केस आली, पण काटा काही मिळाला नाही. सरांनी हातातला घास डब्यात ठेवला. जबडा लोंबत होता का, विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "भुंकला का?"

भुंकला होता. म्हणजे दारात मांजर बघून त्याने तोंड उघडलं होतं आणि आतून घोगरा, फाटका काहीतरी आवाज आला होता. तो आवाज मला तेव्हाही ऐकू आला होता. रेबीजचा कुत्रा पिसाळतो, चावत सुटतो, एवढंच लोकांना माहीत असतं. दुसरा प्रकार मुका असतो. त्यात कुत्रा चावत नाही, त्याचा जबडा आणि घसा लुळा पडतो, आवाज बदलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हाड अडकलं. ही चूक जनावरांचा डॉक्टरच करू शकतो, कारण तिथे हात घालायला दुसरं कोण जातं? आणि सगळ्यात लाजेची गोष्ट ही, की आमच्याकडे नवा डॉक्टर आला की हे त्याला मीच शिकवते. जबडा लोंबला की आधी हातमोजे, मग बाकीचं.

माझं काही बिघडणार नव्हतं. कॉलेजात असतानाच आमची लस होते, नंतर मी बूस्टर घेत आले होते. त्या संध्याकाळी एक इंजेक्शन आणि तीन दिवसांनी दुसरं, की मी सुटले. पण त्या बाईने लस घेतलेली असण्याचं काही कारण नव्हतं. तिला मीच सांगितलं होतं, त्याच्या तोंडात बोट घाल म्हणून. आणि तिचे हात मला आठवत होते. मासळी कापून, काटे लागून बोटाबोटाला चिरा पडलेले हात. रेबीज एकदा डोक्यात चढला की त्यावर जगात औषध नाही. चढण्याआधी लस आणि सीरम मिळालं तर माणूस वाचतो. तिला शोधायचं होतं आणि लवकर शोधायचं होतं.

मी केसपेपर काढला. आमच्याकडे केसपेपर जनावराच्या नावाने असतो. वर मोठ्या अक्षरात टायगर. खाली त्याचं वय, वजन, रंग, कान, दात, पाय, सगळं माझ्या अक्षरात नीट लिहिलेलं. मालकाच्या रकान्यात नुसतं हिराबाई. पत्ता, कोळीवाडा. फोन नंबर लिहिला होता, त्यात नऊच आकडे. गर्दीत काउंटरवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मी डोळे मिटून त्या बाईचा चेहरा आठवायला लागले तर चेहरा येईना. उंच की बुटकी, चाळिशीची की साठीची, काही नाही. कुत्र्याची पापणीसुद्धा सांगितली असती मी. अर्धा तास माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे मी बघितलंच नव्हतं.

नऊ आकड्यांच्या शेवटी शून्यापासून नऊपर्यंत आकडे लावून दहा फोन केले. कुणी बंद, कुणी नागपूरचा, एकाने शिव्या घातल्या. सरांनी आरोग्य खात्याला कळवलं, तिथल्या लोकांनी गावोगावच्या आशाताईंना विचारायला लावतो म्हणून सांगितलं. संध्याकाळी पनवेलचा कोळीवाडा पालथा घातला. तिथे हिराबाई दोन निघाल्या आणि दोघींकडे कुत्रा नव्हता. बुधवारी सरांनी माझे पेशंट स्वतःकडे घेतले आणि मी गाडी घेऊन उरणकडे गेले. मोरा, करंजा, जिथे होड्या दिसल्या तिथे उतरले. हिराबाय म्हटलं की बायका हसायच्या, कुठली हिराबाय गो, हितं दर घराला हाय. टायगर नावाचे कुत्रे तर त्याहून जास्त. एका म्हाताऱ्याने मला सुनावलं, एवढी डॉक्टर झालीस आन मानसाचा नाव नीट लिवता येत नाय काय? मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबर होतं.

रात्रभर डोळा लागला नाही. यजमान म्हणाले, कळवायचं तिथे कळवलंस, तुझं कर्तव्य झालं. माणसं समजूत घालायला असं बोलतात, त्यांचा राग नाही. पण मला सारखं दिसत होतं, ती बाई कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली आहे आणि मी सांगितलं तसं बोट आत घालते आहे. डॉक्टरने सांगितलंय म्हणून अगदी नीट, न चुकता. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आपण नसतो तर बरं झालं असतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण वाटलं होतं.

गुरुवारी पुन्हा उरण. पुन्हा तेच प्रश्न, तेच हसणं. दुपारी परत फिरले तेव्हा अंगात लसीची कसर होती, पोटात दोन दिवस धड काही नव्हतं. गव्हाण फाट्याच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून गाडी कडेला घेतली. दार उघडून रस्त्याच्या कडेलाच बसले आणि उलटी झाली. कंटेनर धडधडत जात होते. तिथे मी देवाशी बोलले, इतक्या दिवसांनी. प्रार्थना नव्हती ती. "आता माझ्याच्याने होत नाही," एवढंच म्हटलं. वाचव म्हटलं नाही, भेटव म्हटलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. मंगळवारपासून मी एकटीने जे छातीशी कवटाळून धरलं होतं ते हातातून सुटलं, तेवढंच.

माझ्या गाडीच्या पुढे दहा पावलांवर एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता, हे तोपर्यंत मला दिसलंही नव्हतं. मागे ताडपत्रीखाली बर्फाच्या लाद्या, खालून पाणी ठिबकत होतं. टेम्पोवाला पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर जाळीची टोपी. तो माझ्याकडे आला, काही न विचारता परत गेला आणि टोच्याने बर्फाचा तुकडा फोडून फडक्यात बांधून घेऊन आला. "बेटी, हे मानेवर ठेव," म्हणाला. "उन्हाचं लागलंय तुला." मी ठेवलं. जरा वेळाने त्याने विचारलं, कुणी गेलं काय घरातलं? मी म्हटलं, एक कुत्रा शोधतेय. हे बोलले आणि मलाच नवल वाटलं. तीन दिवस मी हिराबाईला शोधत होते, आणि हिराबाईविषयी मला काही माहीत नव्हतं. माहीत होता तो कुत्रा. मग मी कुत्राच सांगितला. तपकिरी, डावा कान कापलेला, उजवा मागचा पाय आखडता, दात झिजलेले.

टेम्पोवाले चाचा ऐकत होते. म्हणाले, "दात झिजलेच असणार. रोज माझा बर्फ खातो तो."

खाडीकाठच्या एका पाड्यात ते रोज पहाटे मासळीवाल्या बायकांना बर्फ टाकायचे. तिथे हा कुत्रा टेम्पोची वाट बघत बसायचा, कैक वर्षांची सवय. चाचा म्हणाले, इतवारपर्यंत आला, पीरपासून नाय. त्यांच्या बोलीत पीर म्हणजे सोमवार. मी उभी राहिले. मला तिथे घेऊन चला म्हटलं. मागे बर्फ वितळत होता, टायर बदलायला माणूस यायचा होता. चाचांनी एकदा ताडपत्रीकडे बघितलं. "बर्फ काय, वितळायलाच आहे," म्हणाले आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

फाटा ओलांडून गाडी आत वळवली तेव्हा कुठे माझं डॉक्टरचं डोकं परत चालू झालं. मी विचारलं, बर्फ त्याला कसा द्यायचात? ते म्हणाले, हातावर. तळहातावर तुकडा ठेवला की चाटून चाटून खायचा. त्यांनी उजवा हात पुढे केला. टोचा लागून अंगठ्याखाली चीर पडलेली होती, चार-पाच दिवसांची. कुत्र्याला लक्षणं दिसायच्या आधीच काही दिवस त्याच्या लाळेत रोग उतरलेला असतो. मी गाडी थांबवली. त्यांना सगळं सांगितलं, तेवढ्याच स्पष्टपणे जेवढं इथे लिहिलं आहे. चाचांनी तो हात मिटला. मग म्हणाले, "तू मला शोधायला निघाली नव्हतीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही असाल हे मला ठाऊकच नव्हतं."

"मालिकची मर्जी," ते म्हणाले आणि पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं.

हिराबाई दारातच जाळं नीट करत बसली होती. त्या दिवशी मी तिचा चेहरा बघितला. साठीच्या आतबाहेरची, सावळी, नाकात मोठी नथणी, डाव्या भुवईवर जुना व्रण. मला बघून उठली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, गेला गो तो, काल पहाटं. खाडीच्या बांधावर पुरलं होतं त्याला, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दीड दिवसाने तपासणीला पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे तो रेबीजच होता, हे कागदावर कधीच सिद्ध झालं नाही, होणारही नाही. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सांगितलं, काटा नव्हता, माझी चूक झाली, आणि त्याच्या तोंडात हात घालायला मीच तुम्हाला सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल. मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "तू सोधत आलीस ना बाय. चल, कंचा सुई घ्यायचा हाय तो घेऊ."

त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात दोघांना सीरम आणि पहिली लस मिळाली. कुत्रा गेल्यावर हिराबाईच्या जावेने रडत त्याला अंघोळ घातली होती, तिलाही आणलं. नंतरच्या प्रत्येक लसीला मी त्यांना गाडीत घालून नेलं. चाचा पुढे, दोघी मागे. चाचा आणि हिराबाईची पंधरा वर्षांची ओळख, वाटेत बर्फावरून भांडायचे. मी ऐकत गाडी चालवायचे.

शेवटच्या लसीच्या दिवशी बाकावर आम्ही दोघीच होतो. हिराबाईने दंड चोळत खाली बघत विचारलं, "दोन दिस मी त्याला मांडीवं घेऊन बसलेली. पानी सोडला का भाएर यायचा, गिलायचाच नाय. डोले नुसते भांड्याकडं. मी परत सोडायची. माजा चुकला का गो?"

महिनाभर ती हे मनात ठेवून लसी घेत होती. मी सोमवारी ओळखलं असतं तर त्या कुत्र्याला माझ्याच हाताने शांत झोपवलं असतं, ती तहान त्याच्या वाट्याला आली नसती. हे मी तिला सांगितलं, लपवलं नाही. मग म्हटलं, "पाणी द्यायला सांगणारी चुकली. देणारीचं काही चुकलं नाही." तिने पदराने डोळे पुसले. मी रडले नाही, रडणं मला नंतर घरी आलं आणि बराच वेळ आलं.

लोक विचारतील, मग यात देव कुठे? मला सांगता येत नाही. पंक्चर रोज होतात. आपली चूक देवाच्या पदरात टाकून मोकळी होणाऱ्यांतली मी नाही, तसं केलं तर त्या कुत्र्याचा दुसऱ्यांदा अपराध होईल. पण मी तीन दिवस जिवाच्या आकांताने शोधत होते तेव्हा चाचा नावाचा माणूस माझ्या हिशेबातच नव्हता. मी हरून खाली बसले तेव्हा तो दहा पावलांवर होता. मी त्याला वाचवायला गेले नाही, मला नेऊन बसवलं गेलं. इतकंच मला कळतं, आणि त्यासाठी मी हात जोडते. पूर्वी मी देवाकडे पेशंट बरे कर म्हणून मागायचे. आता मागत नाही. समोर आलेल्या माणसाचा चेहरा बघते, नाव पूर्ण विचारते, हातमोजे घालते, आणि पुढचं त्याचं त्याच्यावर सोपवते. तरी काही दिवस फार वाईट जातात. पिल्लं आजही मरतात.

या रोगाचं बी कधीकधी पुष्कळ महिने अंगात झोपून राहतं. लसी पूर्ण झाल्या, आता भीती नसावी, पण डॉक्टरचं मन. म्हणून मी दर महिन्याला हिराबाईला फोन करते. पाणी गिळताना त्रास नाही ना, हात झिणझिणत नाही ना, असं आडून आडून विचारत राहते. ती माझे प्रश्न अर्ध्यावर तोडते आणि दर वेळी एकच विचारते, जेवलीस का गो. मी हो म्हणते. बहुतेक वेळा ते खोटं असतं. मग फोन ठेवते, उठते आणि स्वतःसाठी ताट वाढून घेते.